कुजबूज पेटीतली सात चित्रं

१४ नोव्हेंबर

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तसंच टोपलीत टाकणार असशील तर थांब जरा. उभ्या उभ्या दोन ओळी तरी वाच. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, त्याला दोन वर्षं झाली. कागद बंद करता येत नाही, एवढाच माझा फायदा.

तू चित्रं काढलेला सिनेमा बघितला. ‘आभाळाच्या घड्या’. चार वेळा बघितला. पहिल्या वेळी लाँड्रीतून थेट गेले, अंगाला वाफेचा आणि फिनेलचा वास, शेजारची बाई उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. बसू दे. म्हातारी एकटीच ती भली मोठी चादर घडी करते तो प्रसंग आला आणि मला काही दिसेनासं झालं. चार मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही, नुसते हात. दवाखान्याच्या लाँड्रीत एकोणीस वर्षं उभी राहिलेय मी, ती असेपर्यंत आईच्या शेजारी. मला ते हात कोणी शिकवायला नकोत.

आता हस मला. या सिनेमाचं चाहता मंडळ आहे इथे आणि मी त्यात शिरलेय. या वयात! छपाईवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी बारा-चौदा जण जमतात. भिंतीवर मोठा तक्ता आहे, सगळ्या बक्षिसांचा. आधी समीक्षकांची बक्षिसं, मग चित्रकारांच्या संघटनेचं, मग नामांकनं, आणि सगळ्यात खाली मार्चमधला मोठा सोहळा. गणिताचे एक निवृत्त मास्तर आहेत, ते दर आठवड्याला टक्के काढतात. चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक पोरगी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात, कारण तोंड एक क्षण बंद नसतं. मला इस्त्रीबाई म्हणतात. तिथे ‘जिंकणार’ म्हणायचं नाही, ‘घरी येणार’ म्हणायचं. ज्याच्या तोंडून निसटेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. पहिल्याच दिवशी मी चौदा कप विसळले.

आणि एक पेटी आहे तिथे, लाकडी, वर फट असलेली. कुजबूज पेटी म्हणतात. कोणाच्या कानावर काही आलं की चिठ्ठीवर लिहून टाकायचं, खाली नाव घालायचं नाही. शनिवारी मास्तर एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात आणि ‘खरं’, ‘थाप’ आणि ‘बघू’ असे तीन ढीग करतात. थापांचाच ढीग मोठा असतो.

मी तुझी बहीण आहे हे त्यांना सांगितलेलं नाही.

आई अकरा दिवस अंथरुणावर होती आणि तू आला नाहीस. ती गेली त्या संध्याकाळी मी फोनवर म्हणाले, ‘तू कागदावरची आई रंगवत बस, खरी संपली.’ तू फोन ठेवलास तो ठेवलासच. मी ते शब्द मागे घेणार नाही असं दोन वर्षं स्वतःला बजावत आलेय. आता बजावायलाही त्राण उरलेलं नाही. तू नुसतं ‘पत्र मिळालं’ एवढं कळवलंस तरी चालेल.

ताई


१० डिसेंबर

बारक्या,

तुझं काही आलं नाही. ठीक आहे. मी आपली लिहिते.

समीक्षकांची पाच बक्षिसं जाहीर झाली, त्यातली तीन आपल्याला. बघ, ‘आपल्याला’ म्हणायला लागले. मास्तरांचा आकडा बासष्टवर गेलाय. चिमणीने आनंदाच्या भरात तो शब्द उच्चारला आणि कप विसळताना एक फोडला. लाँड्रीत मुकादम विचारतात, इस्त्रीच्या रोलरपाशी उभी राहून काय पुटपुटत असतेस? मी म्हटलं, टक्के. त्यांनी हात जोडले.

पण एका गोष्टीने माझं डोकं फिरलंय. तुमच्या दिग्दर्शकांची मुलाखत मास्तरांनी वाचून दाखवली. त्या चादरीच्या प्रसंगाबद्दल विचारल्यावर साहेब म्हणतात, ‘तो मी स्वतः काढला. माझ्या आजीचे हात आहेत ते.’ खोलीत सगळे हळहळले. चिमणी म्हणाली, ‘काय हात आहे हो त्या माणसाचा!’

तू आईला पोस्टाने चित्रं पाठवायचास, आठवतं? आईला मोबाइल जमत नव्हता म्हणून कागदावर. ‘बघ गं, हात बरोबर आहेत का?’ आणि ती जेवण झाल्यावर चष्मा लावून, शिसपेन्सिलीने तुझ्या चुका काढत बसायची. ‘चादर दातात धरत नाहीत, हनुवटीखाली धरतात. दातात धरली तर मुकादम ओरडतो.’ ‘बारक्या, अंगठा आत घे.’ तारखेसकट लिहायची, लाँड्रीच्या वहीत लिहायची सवय. सात चित्रं तुला परत पाठवायची राहून गेली, ती माझ्याकडे आहेत.

आजीचे हात म्हणे! मी गप्प बसले. माझ्यासाठी गप्प बसणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तू का गप्प आहेस? तू तरी बोल की.

ताई


४ जानेवारी

बारक्या,

तुला कळलंच असेल. तुमच्याकडे तर आमच्या आधी कळलं असणार.

ती चित्रं सगळीकडे झाली आहेत. आईचं अक्षर, ‘बारक्या, अंगठा आत घे’, खाली तारीख. कोण कुठली माणसं आईचं अक्षर मोठं करून बघतायत. लोक म्हणतायत, दिग्दर्शक खोटं बोलला, खरा हात दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. दुसऱ्या सिनेमांच्या चाहत्यांना तर आयतं कोलीतच मिळालं.

ती बाहेर कशी गेली हे आत्ता मला विचारू नकोस. नंतर लिहीन. आज डोकं दुखतंय. दोन वॉर्डांच्या चादरी एकदम आल्या आणि एक मशीन बंद आहे.

नामांकन तरीही मिळालं, हे लक्षात घे. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. मास्तर म्हणाले, अशी चर्चा झाली की उलट फायदाही होतो. खोलीत सगळे त्या ‘खऱ्या हाता’ची तारीफ करत होते. चिमणी म्हणाली, ‘त्याला शोधून काढायला पाहिजे, त्याचे पाय धरायला पाहिजेत.’ मी चहा ओतत होते. मला किती बरं वाटलं ते तुला सांगू शकत नाही.

तुला ऑफिसात कोणी काही बोललं नाही ना? एवढं तरी कळव.

ताई


१९ जानेवारी

बारक्या,

मीच टाकली.

तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार, कारण ती दुसऱ्या कोणाकडे नव्हतीच. मागच्या पत्रात मी डोकेदुखीचं नाटक केलं. तुझ्यासमोर माझं खोटं कधी टिकलंय का?

झालं ते असं. मुलाखत ऐकल्यानंतर आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. सातही चित्रांच्या झेरॉक्स काढल्या, पाकिटात घातल्या आणि कुजबूज पेटीत टाकल्या. मला वाटलं, मास्तर काढतील, खोलीतली चौदा माणसं बघतील, म्हणतील, अरेच्चा, हे साहेब थापा मारतात. बस्स. चौदा माणसांना खरं कळावं एवढंच मला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी तुझं कौतुक करावं आणि मी शेजारी बसून ऐकावं, हेही हवं होतं.

मास्तरांनी पाकीट उघडलं. आधी कोणालाच कळेना. मग चिमणीने तारखा वाचल्या, सिनेमा लागायच्या कितीतरी आधीच्या, आणि किंचाळली. मास्तरांनी पाकीट ‘खरं’च्या ढिगावर ठेवलं. तोवर चिमणीने मोबाइलवर फोटो काढले होते. ‘टाकू का?’ म्हणाली. सगळे म्हणाले टाक. बारक्या, मीही म्हणाले. ‘टाक’ म्हणाले. लोकांत एक शब्द सोडला की तो किती लांब जातो याचा मला अंदाज नव्हता. माझी सगळी अक्कल चादरी मोजण्यात गेली.

आज कळलं की तुमचं ऑफिस चौकशी करतंय. सिनेमा लागण्याआधी एकही रेघ बाहेर जाऊ द्यायची नाही असा करार तुम्हा सगळ्यांकडून लिहून घेतात म्हणे. मला कुठे ठाऊक? तू कधी बोलला नाहीस. आईला चित्रं पाठवताना तू एवढा धोका पत्करत होतास आणि आम्ही दोघी ती चहाच्या कपाखाली ठेवायचो.

माझ्या जिवाला घोर लागलाय. तुझी नोकरी जाणार नाही ना? मला शिव्या दे, पण कळव.

ताई


९ फेब्रुवारी

बारक्या,

शनिवारी मास्तरांनी तुमच्या ऑफिसचं निवेदन वाचून दाखवलं. ‘संबंधित चित्रकाराने चित्रं आपण स्वतःच बाहेर दिल्याचं लेखी कबूल केलं आहे. त्याला कामावरून कमी करण्यात आलं आहे.’

मी दोनदा वाचायला लावलं.

का केलंस असं? ताईने केलं म्हणायचं! माझं काय वाकडं होणार होतं? लाँड्रीतून मला कोण काढतंय, तिथे माणसं मिळत नाहीत. तुझं सोळा वर्षांचं काम होतं ते.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण लपवाछपवी एकदा करून बघितली, झेपत नाही.

आकडा बासष्टवरून पस्तीसवर आलाय. खोली नुसती पेटली होती. ज्याचे पाय धरायचे होते त्याला आता वाटेल ते बोलत होते. सिनेमाच्या ऐन मोक्याला स्वतःची टिमकी वाजवली म्हणे. दोनशे माणसांची मेहनत मातीत घातली. त्यानेच कोणाच्या तरी हातून पेटीत टाकायला लावलं असणार, असंही ठरलं. मग मास्तर एकेकाला विचारत गेले, काय वाटतं तुम्हाला या माणसाबद्दल? माझी पाळी आली. ‘इस्त्रीबाई, तुम्ही बोला.’

तेव्हा सांगायचं होतं. तोंडात शब्द आला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. शनिवार दुपार सोडली तर मला कुठे कोण विचारतं, बारक्या? घरी आले की मी आणि भिंती. मी म्हणाले, ‘हावरट आहे.’

ऐकलंस? तुझ्याबद्दल म्हणाले. माझं पाप तू अंगावर घेतलंस आणि मी तुला हावरट म्हणाले. मग घरी येऊन चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, नुसती उभी राहिले. स्वयंपाक काही झाला नाही.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

ताई


२५ फेब्रुवारी

बारक्या,

दोन कामं केली. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि तसंही तू उत्तर देत नाहीस.

पहिलं, तुमच्या ऑफिसला रजिस्टर पत्र धाडलं. माझं नाव, पत्ता, कुठे काम करते, कोणत्या शनिवारी काय केलं, सगळं. माझ्या भावाने खोटी कबुली दिली आहे, हेही.

दुसरं, पेटीत चिठ्ठी टाकली. खाली सही केली. त्या पेटीत सही असलेली ही पहिलीच चिठ्ठी. मास्तर वाचत गेले आणि मध्येच थांबले, चष्मा पुसला, मग शेवटपर्यंत वाचली. छपाईवाला म्हणाला, ‘बाई, निदान त्या दिवशी तरी बोलायचं होतं.’ बरोबर बोलला. चिमणी रडायला लागली, ‘फोटो मी टाकले, मी टाकले.’ तिला जवळ घेतलं. तिची काय चूक, तिला ‘टाक’ म्हणणाऱ्यांत मी होते. दोघे जण उठून गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

मास्तरांनी चिठ्ठी कोणत्याच ढिगावर ठेवली नाही. घडी घालून मला परत दिली.

परवा तुमच्या ऑफिसचं उत्तर आलं. चार ओळींचं. प्रकरण बंद झालं आहे. पेटीत कोणी टाकली याला महत्त्व नाही, मुळात चित्रं आईला पाठवली हाच करारभंग. म्हणजे मी कबूल करूनही काही उपयोग झाला नाही. मला वाटत होतं, मी खरं बोलले की तुझी खुर्ची तुला परत मिळेल. मी किती बावळट आहे बघ. काल सकाळपासून रोलरपाशी उभी होते आणि मुकादमांनी दोनदा विचारलं, बरं आहे ना? मी म्हटलं, नाही. त्यांनी मला अर्धा दिवस घरी पाठवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

ताई


१० मार्च

बारक्या,

हरला.

सोहळा परदेशात रात्री असतो, म्हणून इथे सकाळी दाखवतात. मी जाणार नव्हते, चिमणी लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली आणि हाताला धरून घेऊन गेली. आठ जण उरले होते. आपल्या प्रकाराच्या बक्षिसाला पाकीट उघडलं आणि दुसरंच नाव निघालं. एका उंदराचा सिनेमा आहे, वाईट नाही. छपाईवाल्याने उठून पडदा सरकवला, एवढंच.

मी मास्तरांना म्हटलं, माझ्यामुळे. ते म्हणाले, ‘नाही हो. बासष्ट कधीच नव्हते. माझ्या हिशेबाने पस्तीसच होते, पहिल्यापासून. तुम्ही सगळे एवढ्या उत्साहाने यायचात, मला कमी आकडा सांगवेना.’ गणिताचा माणूस आणि तीन महिने आम्हाला चढवून सांगत होता! मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांची बायको गेली त्याला वर्ष झालं, त्यांनाही शनिवार हवाच होता.

पुढच्या वर्षी कोणता सिनेमा धरायचा यावर लगेच बोलणं सुरू झालं. मला विचारलं. मी म्हटलं, माझा एकच होता.

बारक्या, सिनेमा हरल्याचं दुःख मला दोन तास झालं. तुझं मात्र जात नाही. तू आता काय करतोस, जेवतोस का, कोणाकडे आहेस, मला काहीच माहीत नाही. फोनवर जे बोलले ते मागे घेते. दोन वर्षं लागली, पण घेते. हे शेवटचं पत्र समज. मी तुला त्रास देते आहे असं वाटायला लागलंय.

ताई


१८ मार्च

ताई,

सगळी पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही. ‘हावरट’ वाचून दोन दिवस दुखलं, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, बोलून मोकळी तरी झालीस. मला तेवढंही जमलेलं नाही.

कबुली मी तुला वाचवायला दिली असं तू धरून चाललीस. तसं नाही. त्यांनी विचारलं, चित्रं कोणाकडे होती, आणि तुझं नाव सांगायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, या बाईकडून मी आणखी किती घ्यायचं?

आई आजारी पडली त्याच दिवशी माझी रजा मंजूर झाली होती. दिग्दर्शक स्वतः म्हणाले होते, जा, प्रसंग थांबेल. बॅग भरलेली होती. अकरा दिवस ती दाराशी होती आणि मी टेबलाशी. आईचे ते हात पांघरुणावर नुसते पडलेले मला बघायचे नव्हते. कागदावर ते चालत होते, म्हणून मी काढत राहिलो. तो प्रसंग तसा झाला तो त्यामुळे. साहेबांनी तो स्वतःचा म्हणून सांगितला तेव्हा मला राग नाही आला, सुटल्यासारखं वाटलं.

तू फोनवर बोललीस ते चूक असतं तर मी भांडलो असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोललो असतो. तू बरोबर होतीस, म्हणून मी फोन उचलला नाही. तेव्हा ते मागे घेऊ नकोस.

आईला तू एकटीने उचललंस, एकटीने पुसलंस, एकटीने पोचवलंस. ते अकरा दिवस मला सांग, पहिल्यापासून. काही गाळू नकोस. मंगळवारी दुपारी पोचतो.

बारक्या